बोर्ड बदलल्यावर फॉरमॅट मारायलाच हवा का?

मदरबोर्ड गेला की दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बोर्ड बदलला, आता फॉरमॅट मारावा लागेल." मग टॅलीचा डेटा, प्रिंटरची जोडणी, वर्षानुवर्षं बसवलेली सॉफ्टवेअर, सगळं पुन्हा पहिल्यापासून. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षा मॉड्यूल लागतं, म्हणून सध्या धडधाकट बोर्डही बदलले जात आहेत. त्यामुळे या वाक्याची नीट तपासणी व्हायला हवी.

एकेकाळी हा सल्ला बरोबर होता. विंडोज एक्सपीच्या काळात नव्या बोर्डावरचा डिस्क कंट्रोलर वेगळा निघाला, तर त्याचा ड्रायव्हर सुरुवातीला हाताशी नसायचा आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा यायचा. विंडोज १० आणि ११ मात्र नव्या बोर्डावर पहिल्यांदा चालू होताना सगळं हार्डवेअर नव्याने ओळखतात. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, एखाद-दुसरा रीस्टार्ट होतो आणि बहुतेक वेळा नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो. अडतं ते बहुधा बायोसच्या सेटिंगमुळे. जुन्या बोर्डावर डिस्क एएचसीआय मोडवर असेल तर नव्यावरही तोच ठेवावा. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या अनेक बोर्डांवर व्हीएमडी नावाची सोय असते. ती चालू असेल आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसेल, तर डिस्क दिसतच नाही.

दुसरा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे : जुने ड्रायव्हर मागे राहतात आणि संगणक संथ करतात. त्यासाठी ड्रायव्हर चालू कसा होतो ते पाहायला हवं. बोर्डावरची प्रत्येक चिप विंडोजला आपली ओळख सांगते, एक क्रमांक कंपनीचा आणि एक चिपचा. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे, तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच, एएमडीचा १०२२. या जोडीशी जुळणारा ड्रायव्हर विंडोज शोधतं आणि लोड करतं. चिपच नसेल तर ड्रायव्हर लोड करण्याचं कारण उरत नाही. डिस्क कंट्रोलरचे काही ड्रायव्हर सुरुवातीलाच मेमरीत येतात हे खरं, पण आपलं उपकरण सापडलं नाही की त्यांच्याकडून पुढे काही होत नाही. बाकीच्या फाइली 'ड्रायव्हर स्टोअर' या फोल्डरमध्ये पडून राहतात. त्या जागा खातात, वेग खात नाहीत. जागेचीच अडचण असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस' हा पर्याय आहे, त्याने जुन्या आवृत्त्या निघतात. ड्रायव्हर स्टोअरच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइली पुसणं मात्र कटाक्षाने टाळावं. ते काम पीएनपीयूटिल या विंडोजच्याच आज्ञेचं आहे, आणि वापरात असलेलं पॅकेज ती जबरदस्ती केल्याशिवाय काढत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडलं की फिकट चिन्हांची भली मोठी यादी उघडते. ती पाहून पुष्कळांना धडकी भरते आणि दिसेल ते 'अनइन्स्टॉल' करण्याचा सपाटा सुरू होतो. पण फिकट चिन्हाचा अर्थ एवढाच की हे उपकरण आत्ता जोडलेलं नाही. त्यात पूर्वी कधीतरी लावलेले पेनड्राइव्ह असतात, बंद असलेला प्रिंटर असतो, तुमचा मोबाइलसुद्धा असतो. यातल्या बहुतेक नोंदी तशाच राहिल्या तरी काहीही बिघडत नाही.

दोन ठिकाणी मात्र या नोंदी खरोखर आडव्या येतात, आणि त्याचा फटका छोट्या कार्यालयांना व दुकानांना जास्त बसतो. पहिलं ठिकाण नेटवर्क. टॅली चालवणाऱ्या मुख्य संगणकाला अनेकदा ठरावीक आयपी पत्ता दिलेला असतो. बोर्ड बदलला की त्यावरचं नेटवर्क कार्ड नवं, पण पत्ता जुन्या, आता नसलेल्या कार्डाच्या नावावर. नव्याला तोच पत्ता द्यायला गेलं की तो दुसऱ्या अ‍ॅडाप्टरकडे असल्याचा इशारा येतो. दुसरं ठिकाण कॉम पोर्ट. वजनकाटा किंवा बारकोड स्कॅनर 'कॉम ३' वर असतो आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर तोच क्रमांक शोधत राहतं. नव्या बोर्डावर विंडोज त्याला 'कॉम ५' देतं, कारण ३ अजून जुन्या पोर्टसाठी राखून ठेवलेला असतो. दोन्हीकडे फिकट दिसणारं जुनं नेटवर्क कार्ड किंवा जुना पोर्ट शोधून तेवढाच काढायचा आणि पत्ता वा क्रमांक नव्याला द्यायचा. काटा खराब झाला समजून नवा आणण्याची गरज नसते.

झाडून साफसफाई हवी ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. बोर्डाच्या कंपन्या दिवे, पंखे आणि अपडेट सांभाळणारी सॉफ्टवेअर देतात : आसूसचं आर्मरी क्रेट, एमएसआय सेंटर, गिगाबाइट कंट्रोल सेंटर. त्यांच्या सर्व्हिस आणि अनेकदा त्यांचे ड्रायव्हरही एखाद्या चिपला बांधलेले नसतात. बोर्ड कुठलाही असो, ते विंडोजबरोबर चालू होतात. दोन कंपन्यांची अशी सॉफ्टवेअर एकाच यंत्रात पंख्यांवर हुकूम चालवू लागली की विचित्र त्रास सुरू होतात. धोका सुरक्षेचाही आहे. गिगाबाइटच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या एका ड्रायव्हरमधली गंभीर त्रुटी २०१८ साली उघड झाली. २०२० मध्ये रॉबिनहूड या खंडणीखोर व्हायरसचे हल्लेखोर तोच अधिकृत सहीचा ड्रायव्हर सोबत आणून अँटिव्हायरस बंद पाडत असल्याचं सोफोस या कंपनीने दाखवून दिलं. इतके अधिकार असलेला ड्रायव्हर कामाशिवाय चालू ठेवू नये. ही सॉफ्टवेअर शक्यतो जुना बोर्ड काढण्याआधीच अनइन्स्टॉल करावीत. आर्मरी क्रेट काढण्यासाठी आसूसने वेगळं साधन दिलं आहे, तेच वापरावं.

ड्रायव्हरची तारीख पाहून घाबरणारेही खूप भेटतात. इंटेलच्या चिपसेटसमोर १८ जुलै १९६८ दिसतं. ती कंपनीच्या स्थापनेची तारीख आहे, आणि ती मुद्दाम घातलेली असते, म्हणजे अधिक नेमका ड्रायव्हर असेल तर हा त्याला बाजूला सारणार नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ असतं, तेही अशाच कारणाने. 'तुमचे ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत' असं ओरडणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर म्हणून विश्वास ठेवू नये. रजिस्ट्री क्लीनरचंही तेच. मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबा देत नाही. ग्राफिक्स कार्ड जुनंच पुढे वापरणार असाल तर त्याच्या ड्रायव्हरला हात लावायचं काहीच कारण नाही.

जुन्या ड्रायव्हरांच्या भीतीपुढे जी खरी काळजी मागे पडते ती परवान्याची आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची. बोर्ड बदलला की विंडोजला तो नवा संगणक वाटतो. सुटा विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. तयार संगणकाबरोबर आलेला परवाना सहसा जुन्या बोर्डालाच बांधलेला असतो. बिटलॉकरची किल्ली टीपीएममध्ये असते, म्हणून बोर्ड बदलताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. अनेक नव्या संगणकांवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. जुना बोर्ड चालू असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं आणि की कागदावर लिहून घ्यावी. बोर्ड आधीच बंद पडला असेल, तर मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का ते पाहावं, आणि ती हाती येईपर्यंत दुकानदाराला डिस्क फॉरमॅट करू देऊ नये.