थोरांची उक्ति आणि कृति

थोर पुरुषाचें चरित्र वाचतांना एखादें पान असें येतें कीं, तेथें भक्ताला तें उलटून पुढें जावेंसें वाटतें व निंदकाला तेथेंच थांबावेंसें वाटतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रांतील असें पान १८७३ सालचें आहे.

विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्यानें मान्यता मिळाली होती. परंतु समाजाची मान्यता मिळावयाची होती. ती मिळवूं पाहणाऱ्या सुधारकांत रानडे अग्रभागीं होते. १८७३ सालीं त्यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. त्या वेळीं रानडे एकतीस वर्षांचे होते. आतां ते एखाद्या विधवेशीं विवाह करतील, अशी मित्रांना आशा आणि वडिलांना धास्ती वाटत होती. वडिलांनीं घाईनें अकरा वर्षांची मुलगी पसंत केली. रानड्यांनीं विरोध केला, विनवणी केली. पण वडिलांशीं संबंध तुटण्याची वेळ येतांच ते नमले. त्याच वर्षीं विवाह झाला. ही हकीकत कोणा शत्रूनें पसरविलेली नाहीं. ती वधू, म्हणजेच रमाबाई रानडे, यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ती स्वतः लिहिली आहे.

अशा प्रसंगाचा न्याय करितांना दोन प्रश्न वेगळे ठेवणें अवश्य आहे. पहिला प्रश्न विचाराचा. रानडे नमले म्हणून विधवाविवाहाचें तत्त्व खोटें ठरलें काय? मुळींच नाहीं. वैद्यानें पथ्य मोडलें तरी पथ्याचा गुण जात नाहीं. ज्यांना तें तत्त्व मुळांतच नको होतें, त्यांना रानड्यांची चूक ही सोयीची सबब झाली, इतकेंच.

दुसरा प्रश्न माणसाचा, आणि तेथें सूट देतां येत नाहीं. चुकीची किंमत कोणी दिली, हें पाहिलें पाहिजे. पितृभक्तीचें समाधान रानड्यांना लाभलें. परंतु त्यांच्या शब्दावर विसंबून जातिबहिष्काराला तोंड देण्यास निघालेल्या सामान्य तरुणाचा आधार डळमळला. अकरा वर्षांच्या मुलीला तर कोणी विचारलेंच नाहीं. याच्या उलट उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचें. त्यांनीं १८९३ सालीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला आणि मुरुड या आपल्या गांवचा बहिष्कार सोसला. ज्या उक्तीसाठीं बोलणाऱ्यानें स्वतः झीज सोसली, तिचें वजन निराळेंच असतें.

मग रानड्यांना ढोंगी म्हणावें काय? येथें चुकीनंतरचें वर्तन पाहावें लागतें. ढोंगी मनुष्य आपली कृति झांकण्यासाठीं तत्त्वच वांकवितो. काल ज्याचा पुरस्कार केला त्याचे दोष आज दाखवूं लागतो. रानड्यांनीं तसें केलें नाहीं. ‘आपणच काय केलेंत?’ असें कोणीही विचारूं शकेल हें ठाऊक असूनही १८८७ पासून सामाजिक परिषदेच्या द्वारें त्यांनीं सुधारणेचा पुरस्कार चालूच ठेविला. घरांतील स्त्रियांचा रोष पत्करून त्यांनीं रमाबाईंना शिकविलें. १८८४ सालीं पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या निधनानंतर १९०९ सालीं पुण्यांत सुरू झालेल्या सेवासदनाच्या रमाबाई आधारस्तंभ झाल्या.

तरीही या कार्यानें १८७३ चा हिशेब फिटला, असें म्हणूं नये. पुण्याईच्या राशींत चूक पुरून टाकणें हा न्याय नव्हे. आणि एका चुकीसाठीं सारी रास उधळणें हाही न्याय नव्हे. दोन्ही रकमा वहींत आपापल्या जागीं राहिल्या पाहिजेत.

आपल्या आवडत्या पुढाऱ्याची चूक ‘परिस्थितीमुळें’ आणि नावडत्याची ‘स्वभावामुळें’ घडली, असें मानण्याची संवय घरोघरीं असते. मोजमाप एकच हवें: किंमत कोणी दिली, आणि चुकल्यावर तत्त्व वांकविलें कीं कमीपणा सोसला? मुलांना थोरांचीं चरित्रें सांगतांना तें अवघड पान गाळूं नये. तें कळल्यावरही जो आदर उरतो, तोच खरा. गाळलेलें पान मूल पुढें कधीं तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतें. आणि मग त्याचा त्या थोर पुरुषावरचाच नव्हे, तर सांगणाऱ्यावरचाही विश्वास उडतो.