भूमीचे दप्तर

सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख राजकीय नकाशात मध्य प्रदेशाचा असला, तरी बोलीने आणि चालीरीतीने तो नागपूरचा शेजारी आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसरही त्यात आले. या मुलखात मोहगाव नावाचे गाव आहे. त्याच नावाचे दुसरे गाव, मोहगाव कलां, शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. मोहाच्या झाडावरून ही नावे पडली असावीत. परंतु मोहगाव कलांची शास्त्रीय जगतातील ख्याती ज्या झाडांमुळे आहे, ती कोणाही मनुष्याने हिरवी पाहिलेली नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच ती दगड होऊन गेली आहेत.

दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले. एक उद्रेक शमला आणि दुसरा व्हायचा होता, अशा मधल्या शांततेच्या काळात खोलगट जागी पाणी साचले, काठाला रान वाढले. त्या रानातली फळे, फुले, खोडे चिखलात रुतली. पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशीपेशींत भरून गोठली आणि गारगोटीच्या जातीचा कठीण दगड तयार झाला. त्या दगडाचा पातळ काप घासून पारदर्शक केला, की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या भिंती आजही दिसतात. १९४३ मध्ये बिरबल सहानी यांनी येथील एका फळाला ‘एनिग्मोकार्पॉन’, म्हणजे कोड्यातले फळ, असे नाव दिले. त्याचे नाते त्यांना मेंदीच्या कुळाशी जुळलेले आढळले.

पण आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या वाचकाला अधिक चकित करील ते येथेच सापडलेले निपा नावाच्या ताडाचे फळ. हा ताड आज सुंदरबनात व अंदमानात, आपल्या खाड्यांतल्या तिवरांप्रमाणे, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या चिखलात वाढतो. ते फळ छिंदवाड्याच्या दगडात कसे आले? समुद्राचा एखादा हात एके काळी तेथवर पोहोचला असावा, असे अनुमान त्यातून निघाले. भारताच्या मध्यावर खाडीची ही खूण एका फळाने जपून ठेवली.

या कथेचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. वनस्पतींच्या या पुराव्यावरून, दख्खनचे लाव्हाथर महाकाय सरड्यांच्या युगानंतरचे होत, असे सहानींनी प्रतिपादिले होते. पुढे त्याच मोहगावच्या थरांतील, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे परागकण तपासले गेले आणि हे थर त्या युगाच्या अखेरीचेच ठरले. यात सहानींची थोरवी उणावत नाही. मुद्दा असा, की दुसऱ्या पिढीला नवी साधने घेऊन तेच दगड पुन्हा वाचता आले. कारण ते जागच्या जागी होते.

मोहगावचे दगड मनुष्यापूर्वीचे आहेत. तो प्रांत जीवाश्मशास्त्राचा. मनुष्याचा हात जेथे दिसू लागतो तेथून पुरातत्त्वाचा प्रांत सुरू होतो. परंतु दोहोंची वाचनपद्धती एकच आहे. वस्तू कोणती, याइतकेच ती कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने सापडली, याला महत्त्व असते. ज्यांनी अक्षर लिहून ठेवले नाही त्यांचा इतिहास एवढ्याच आधारावर उभा राहतो.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव हे याचे उत्तम उदाहरण होय. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती संशोधकांनी तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे ते गाव. वरच्या थरांत काय आढळले? आधीची ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. जवाचे दाणे घटले, शिकारीच्या हरणांची हाडे वाढली. पर्जन्य उणावल्याने एक सुस्थित गाव कसे खंगत गेले, हे संशोधकांनी त्यावरून ताडले. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली सापडली. त्यांत लहान मुलांचे अवशेष होते. मृत बालकाला घराबाहेर न जाऊ देणाऱ्या आईबापांचे मन आपल्याला कोणत्या ग्रंथातून कळले असते? तेच मडके कोणी उचलून बाजारात नेले असते, तर ते केवळ एक जुने मडके उरले असते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्यावर कोरलेले बैल, हरिणे, मोर आणि ते गूढ चक्रव्यूह १९९३ मध्ये अभ्यासकांच्या दृष्टीस आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरही अशी असंख्य कातळशिल्पे आहेत. कोकणात आज न आढळणाऱ्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृतीही त्यांत आहेत. कशेळी, बारसू, कुडोपीपासून गोव्याच्या या स्थळापर्यंतची नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत गेली. ही मान्यता भूषणावह खरीच. पण उघड्या कातळावरच्या चित्राला मातीचा थर नसतो. म्हणून त्याचा काळ ठरविणे कठीण. सभोवतालच्या सड्यावर पडलेली दगडी हत्यारे, जुन्या पाऊलवाटा, पाणवठे हेच त्याचे साक्षीदार. चित्राभोवती चार हात कुंपण घालून उरलेला सडा चिरेखाणीला दिला, तर चित्र वाचेल, पण त्याचा अर्थ लावण्याची वाट बुजेल.

विकास नको, असे कोणी म्हणत नाही. घराला चिरा लागतो, पोराबाळांना रोजगार लागतो. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीचे परीक्षण सुरू झाले, तेव्हा जी तेढ उत्पन्न झाली तिच्यामागे दोन्हीकडच्या खऱ्या गरजा होत्या. म्हणूनच कोणत्याही खाणीला वा प्रकल्पाला परवाना देण्यापूर्वी त्या संपूर्ण सड्याची पाहणी व नोंद व्हावी. ती करताना गावच्या गुराख्यांना आणि वृद्धांना प्रथम विचारावे. अनेक ठिकाणी ही चित्रे त्यांनाच पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. देवराईतील काटकीही घरी न नेण्याचा संस्कार असलेल्या समाजाला हे अवघड वाटू नये.

जमिनीच्या मालकीचा तंटा उद्भवला की आपण तालुक्याला जाऊन जुने दप्तर मागतो. ते जळाले असेल तर हताश होतो. मनुष्यजातीच्या बालपणाचे दप्तर भूमीच्या पोटात व कातळाच्या पाठीवर आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. मोहगावचा दगड दुसऱ्यांदा वाचता आला, कारण तो उरला होता. आपल्या सड्यांवरची लिपी तर आपल्याला पहिल्यांदाही नीट वाचता आलेली नाही.