सशांचे कान पुन्हा उभे राहिले!

दोस्तांनो, खाजकुइली माहीत आहे ना? नसेल तर गावाकडच्या कुणालाही विचारा. नुसतं नाव काढलं तरी तो हात खाजवायला लागेल! रानात झुडपांवर चढणारा हा वेल. त्याच्या वाकड्या शेंगांवर तपकिरी कुसळं असतात. ती अंगाला लागली की अशी खाज सुटते, की विचारू नका.

पण शेंगेच्या आत, चकचकीत बियांमध्ये, एक नवल दडलेलं आहे. त्याचं नाव एल-डोपा.

आधी एका आजाराबद्दल सांगते. काही आजी-आजोबांचे हात बसल्याबसल्या थरथरतात. शर्टाचं बटण लावायला खूप वेळ लागतो, पावलं अडखळतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. पण तो होतो कशाने, हे पुढची शंभराहून जास्त वर्षं कुणालाच उलगडलं नाही.

ते कोडं सुटायला मदत झाली आणखी एका वनस्पतीची, सर्पगंधेची. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि जगभरच्या डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. पुढे एक विचित्र गोष्ट दिसली. रेसरपिन घेणारे काही रुग्ण मंद व्हायचे, थरथरायचे. अगदी पार्किन्सन झाल्यासारखे!

स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान खाली पडले. मग त्यांना डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे हिंडूफिरू लागले, कान पुन्हा उभे! ही 1957 ची गोष्ट. मला तर विज्ञानातल्या सगळ्या प्रयोगांत हा सगळ्यात लाडका वाटतो. एका वनस्पतीतल्या द्रव्याने सशांना थांबवलं आणि दुसऱ्या वनस्पतींत सापडलेल्या द्रव्याने पुन्हा चालवलं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

झालं काय होतं? आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. हात हलव, पाऊल टाक, अशा हालचाली सुरळीत व्हायला ते लागतं. रेसरपिनने सशांच्या मेंदूतलं डोपामिन संपलं होतं. पार्किन्सनच्या रुग्णांत ते तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जातात.

मग डोपामिनच का देत नाहीत? छान प्रश्न! रक्तातून मेंदूत जायच्या वाटेवर कडक राखणदार बसलेला असतो. तो डोपामिनला आत सोडत नाही, पण एल-डोपाला सोडतो. आत गेल्यावर एल-डोपाचंच डोपामिन बनतं. 1961 साली व्हिएन्नात रुग्णांना ते टोचलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालायला लागली.

आणि गंमत म्हणजे एल-डोपा तोवर कधीच सापडलेलं होतं. बाकल्याच्या शेंगांतून ते 1913 साली काढलं होतं. खाजकुइलीच्या बियांत ते असतं, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली दाखवलं. त्याचा एवढा मोठा उपयोग होईल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

वेलाला मात्र ते स्वतःसाठी लागतं. बिया खायला आलेल्या किड्यांना ते मानवत नाही. मुळांतून ते मातीत झिरपतं आणि शेजारच्या तणांची वाढ रोखतं.

आज एल-डोपाच्या गोळ्या कारखान्यात बनतात. लंडनमध्ये 8 रुग्णांवर खाजकुइलीच्या बियांची पूड वापरून पाहिली, तेव्हा तिचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. हा अभ्यास 2004 साली छापून आला. पण आठच माणसं म्हणजे फार थोडी, अजून मोठे प्रयोग हवेत. शिवाय गोळी असो की पूड, पेशींचं मरणं त्याने थांबत नाही. ते थांबवणारं औषध शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर दुकानात मिळणारं कवचबीजाचं चूर्ण, म्हणजे याच बियांची पूड, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गोळ्या चालू असताना वर आणखी एल-डोपा पोटात गेलं, तर त्रास होऊ शकतो. आणि रानात शेंगा दिसल्या, तर लांबूनच बघा!