आजीसकट तळ्याकाठची सुट्टी

उन्हं तापायला लागली की पार्ल्यातल्या घरोघरी पेपरातला एक छोटासा चौकोन सगळ्यांत आधी वाचला जातो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती टक्के साठा उरलाय, त्याचा. भातसा एवढा, तानसा तेवढा, विहार, तुळशी… मग जिन्यात चर्चा, यंदा कपात कधीपासून लागणार? त्याच सुमारास घरात दुसरी चर्चा चालू असते, सुट्टीत कुठे जायचं त्याची. या दोन चर्चांचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही. तळ्याकाठी जायचं ठरतं, मोबाईलवर काठोकाठ भरलेल्या तळ्याचा फोटो दिसतो आणि आपण आगाऊ पैसे भरून मोकळ्या होतो. तो फोटो असतो सप्टेंबरातला. आपण जाणार मे महिन्यात!

आपल्याकडची बहुतेक मोठी ‘तळी’ म्हणजे खरं तर धरणांचे जलाशय. ती पावसाळ्यात भरायची आणि पुढचे आठ महिने रिकामी करत आणायची, यासाठीच बांधलेली. भंडारदऱ्याचंच बघा. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं, ते खालच्या अंगाच्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. उन्हाळ्यात पाटाला आवर्तन सोडलं की जलाशयाची पातळी उतरते. कोयनेचं पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्यामुळे तापोळ्याला जो शिवसागर आपण बघतो तोही मेपर्यंत चांगलाच खाली गेलेला असतो. पाणी खाली जातं म्हणजे काठ लांब जातो. फोटोत ओसरीवरून पाच पावलांवर दिसणारं पाणी मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाच्या उतारापलीकडे असतं. पोरं धावत जातील. नव्वदीच्या आजोबांनी काय करायचं?

म्हणून पहिलं काम पाण्याची चौकशी. जलसंपदा विभाग धरणांचा साठा रोजच्या रोज जाहीर करतो, तो मोबाईलवर बघता येतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या मध्याला त्या धरणात किती टक्के पाणी होतं, एवढं जरी कळलं तरी अंदाज येतो. आणि राहण्याच्या ठिकाणी फोन केलात की ‘व्ह्यू आहे का’ असं विचारू नका, ‘आहे’ असंच उत्तर मिळतं. ‘मागच्या मे महिन्यात काढलेला फोटो पाठवा’ असं म्हणा. जो पाठवतो त्याच्याशी पुढचं बोलायचं.

दुसरी चौकशी माणसांची, म्हणजे आपल्याच घरातल्या. आमच्या गटात या विषयावर गप्पा झाल्या तेव्हा एक वाक्य जवळजवळ प्रत्येकीच्या घरातलं निघालं. ‘तुम्ही जाऊन या गं, मी इथंच बसते.’ सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई किंवा आई हे वाक्य म्हणतात, आपण थोडा आग्रह करतो, मग निघून जातो. त्या खोलीत पलंगावर बसून तीच मालिका बघतात जी पार्ल्यात बघितली असती. त्यांना यायचं नसतं असं नाही. खोलीपासून तळ्यापर्यंत चाळीस पायऱ्या असतात, आणि सगळे आपल्यासाठी थांबतात याचा त्यांना संकोच वाटतो. मग घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला पाणी दिसलं पाहिजे, तेही कुणाचा हात न धरता, ही अट आधी ठेवून जागा शोधायला काय हरकत आहे? तळमजल्याची खोली, कमोड, न्हाणीघरात धरायला दांडी, आणि दारापासून पाण्यापर्यंतच्या वाटेचा व्हिडिओ. ‘पायऱ्या फार नाहीत’ हे उत्तर मान्य करायचं नाही. किती, ते आकड्यात विचारायचं.

आता जागांकडे वळू. पार्ल्याहून जाण्याजोग्या.

पवना धरणाच्या काठच्या तंबूंची सध्या फार हवा आहे. कॉलेजच्या मुलांना ते ठीक. पण जमिनीवरची गादी, सामाईक स्वच्छतागृह आणि रात्री उशिरापर्यंत वाजणारी गाणी यांत आजी-आजोबांची सोय बसत नाही. माथेरानचा शार्लोट तलाव सुंदर आहे, गर्द झाडीत आहे, शेजारी पिसारनाथाचं देऊळ आहे. तिथे गाड्यांना बंदी असल्यामुळे नातवंडांना रस्त्यावर मोकळं सोडता येतं, हे सुख मोठंच. मात्र त्याच बंदीमुळे सामान आणि गुडघे दोन्ही सांभाळत लाल मातीतून जावं लागतं. ई-रिक्षा आल्या आहेत, पण त्या तुमच्या मुक्कामापर्यंत येतात का हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. आणि तो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, त्यात उतरायचं नाही.

महाबळेश्वरचं वेण्णा तळं आपल्या आईवडिलांच्या पिढीचं लाडकं. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी ते १८४२ साली बांधून घेतलं. त्याची मोठी सोय अशी की ते रस्त्याला लागूनच आहे. गाडीतून उतरलं की समोर पाणी. आजी कठड्याजवळ बसून मक्याचं कणीस खात नातवंडांची होडी बघू शकते, आणि कणसाचे दाणे चावत नसतील तर स्ट्रॉबेरी आहेच. हवा थंड. गैरसोय गर्दीची. मेमधल्या शनिवार-रविवारी होडीची रांग आणि गाड्यांची रांग, दोन्ही संपत नाहीत. सोमवार ते गुरुवार जमत असेल तरच जावं, असं आमचं मत. घाट लागणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वाईकडून पसरणीचा घाट चढून पाचगणीमार्गे जाता येतं, किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने. आंबेनळीची वळणं जास्त त्रास देतात. जवळचा रस्ता म्हणून तो धरला आणि आजी निम्म्या वाटेत पांढऱ्याफटक पडल्या, तर वाचलेला वेळ लिंबू शोधण्यात जातो.

भंडारदरा आम्हाला मनापासून आवडतं, तरी तिथे जायची वेळ निवडावी लागते. मेच्या सुरुवातीला नुसतं ऊन आणि उतरलेलं पाणी. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस पडण्याआधी, तिथल्या झाडांवर काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्या एका लयीत उजळतात आणि विझतात. हे बघायला चालावं लागत नाही, अंधारात नुसतं बसावं लागतं. म्हणजे चार वर्षांचं नातवंड आणि ऐंशीची पणजी एकाच वेळी, एकाच गोष्टीकडे तोंड उघडं ठेवून बघतात, असं दुसरं काही आम्हाला सुचत नाही. फक्त गाडीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च बंद ठेवायचा. उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, आणि त्यांचं आयुष्य आधीच दिवसांच्या हिशेबाचं असतं. इथेही शनिवार टाळा. दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वराचं प्राचीन देऊळ आणि त्याची पुष्करणी बघता येते. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान तलावाकाठीच आहे. रेल्वेने इगतपुरीपर्यंत जाऊन पुढे गाडी करावी लागते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा चार दिवसांच्या जास्त घ्या, कारण गावातल्या दुकानात तुमची नेमकी गोळी असेलच असं नाही.

आणि एक नाव जे सहसा कुणी सुचवत नाही, ते सावंतवाडी. गावाच्या मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा, आणि पाण्याच्या कडेने सपाट रस्ता. संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं तिथे फिरायला येतातच, त्यामुळे आपल्या आजीला आपण कुणाला खोळंबून ठेवलंय असं वाटत नाही. तिथे तिच्यासारखेच सगळे हळू चालतात. दवाखाना, औषधाचं दुकान, रिक्षा, सगळं हाकेच्या अंतरावर. चितार आळीत लाकडी खेळणी आणि हुबेहूब लाकडी फळं मिळतात, राजवाड्यात गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते बघता येतात. मुलं दोन दुपारी त्यातच रमतात. थंड हवा मात्र मिळणार नाही. घाम पार्ल्यासारखाच येईल. पण त्या घामाबरोबर आंबे, फणस आणि सोलकढी आहे. पलीकडे मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे, १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ आणि सभोवती दाट झाडी. एका सकाळी गाडी करून जाऊन येण्यासारखा. आजी सत्तरीपलीकडची आणि नातवंड पाचाच्या आतलं असेल, तर आम्ही वेण्णेच्या आधी मोती तलावाचं नाव घेऊ.

आता पाण्याबद्दल स्पष्ट बोलू, कारण दर उन्हाळ्यात धरणांवर बुडण्याच्या बातम्या येतात. धरणाचा काठ नदीच्या काठासारखा हळूहळू खोल होत नाही. मूळची दरीच पाण्याखाली गेलेली असते. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं मूल एक पाऊल पुढे टाकतं आणि खाली जमीनच नसते. उघड्या पडलेल्या गाळाची वरची पापडी वाळलेली दिसते, आत पाय रुततो. पोहता येणारा माणूसही त्यात अडकतो. त्यामुळे धरणात उतरायचं नाही, पोहता येणाऱ्या काकांनीही नाही. धरणाच्या खालच्या नदीपात्रातही दगडांवर बसून जेवायला नको, पाणी सोडलं की ते कोरडं पात्र भरायला वेळ लागत नाही. होडीत बसताना मुलाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट मागा. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं नसेल तर होडी नको, रडलं तरी नको. आणि एक पद्धत आमच्या एका मैत्रिणीच्या घरी आहे ती सांगतो. पाण्याजवळ असताना मुलांवर लक्ष ठेवायची अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावायची. ज्याची पाळी त्याने फोन खिशात ठेवायचा. दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि कुणीच बघत नसतं.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. मोठं कुटुंब म्हणजे अख्खा बंगला स्वस्त पडतो, ‘किचन आहे, आपलं आपण करू’ असं घरातले पुरुष उत्साहाने म्हणतात. ‘आपण’ म्हणजे कोण, ते तिथे पोहोचल्यावर पहिल्या चहाला कळतं. बंगला घ्यायचाच तर जेवण गावातल्या घरून सांगा. पिठलं, भाकरी, वरणभात. आजी-आजोबांना तेच रुचतं आणि पचतं, गावातल्या बाईला चार पैसे मिळतात, आणि तुम्हाला तळं दिसतं. बाळाचं दूध आणि आजोबांचा सहाचा चहा यासाठी विजेची किटली बरोबर असू द्या, तेवढी चूल पुरे.

हे सगळं आम्ही फेब्रुवारीतच का सांगत बसलो? तर तिकिटांसाठी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी तयार बसायला हवं. खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. ६० वर्षं पूर्ण झालेले पुरुष आणि ४५ पूर्ण झालेल्या स्त्रिया यांच्यासाठी. ४५ ऐकून दचकू नका, आपल्यातल्या पुष्कळजणी त्यात बसतात. अट अशी की त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावेत आणि दोघंही त्या वयाचे. घरातल्या आठजणांचं एकत्र तिकीट काढलं तर आजोबांच्या वाट्याला वरचा बर्थ येऊ शकतो. तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा आणि तो कोटा निवडा. डबा कदाचित निराळा येईल, मग घरातला एक मोठा माणूस रात्री त्यांच्याजवळ जागा बदलून घेईल.

सावंतवाडीसाठी दादरहून तुतारी एक्स्प्रेस आहे, ती मध्यरात्र उलटल्यावर सुटते, म्हणून तारीख दोनदा बघून घ्या. आपल्याला सोयीची दुसरी गाडी म्हणजे वांद्रे टर्मिनसहून मडगावला जाणारी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली. आठवड्यातून दोनच दिवस असते, पण सावंतवाडीला थांबते. दादरचा पूल नको, टॅक्सीची घासाघीस नको. पार्ल्याहून वांद्रे टर्मिनसला रिक्षा थेट जाते.