बोटीचं व्हार्निश आणि थिनरचा हिशोब

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सागवानी कामाच्या शिडाच्या बोटी बाळगणं हा महागडा नाद आहे. ऊन आणि खारी हवा मिळून व्हार्निशचे पापुद्रे काढतात. त्यामुळे सात-आठ हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर मारायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा ब्रश उचलायचा.

हे व्हार्निश म्हणजे टंग तेल किंवा जवस तेल, रेझिन आणि द्रावक. आधी द्रावक उडतो, मग तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. उडालेल्या द्रावकाची वाफ आणि मोटारींच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे कोडं कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवलं. द्रावकांवर तिथे आज मर्यादा आहेत त्या यातूनच.

त्या भागात घराच्या दारा-खिडक्यांच्या व्हार्निशमध्ये लिटरमागे २७५ ग्रॅम उडणारे सेंद्रिय पदार्थ चालतात, हौशी बोटींच्या व्हार्निशला मात्र ४९०. ही सवलत मला रास्त वाटते. कमी मर्यादेत बसणारं, पाण्यावर आधारलेलं फिनिश लाकडाचे रोम उभे करतं, भरभर वाळतं आणि ब्रशाच्या रेघा तशाच राहतात.

खरी मेख थिनरमध्ये आहे. मर्यादा लागू होते ती लाकडावर लागणाऱ्या मिश्रणाला. समजा, व्हार्निश ४५० ग्रॅमचं आहे आणि तुम्ही एका लिटरात पाव लिटर थिनर ओतलात. थिनरचे लिटरला साधारण ७८० ग्रॅम धरले, तर मिश्रण ५१६ वर जातं. डबा कायद्यात बसणारा, पण तुमची वाटी बेकायदा!

या मोजणीतून ‘सूट मिळालेला’ द्रावक म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमजच. पॅराक्लोरोबेंझोट्रायफ्लोराइड ओझोन फारसा बनवत नाही म्हणून त्याला सूट मिळाली. २०१९मध्ये कॅलिफोर्नियानेच ते कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत घातलं. म्हणून कमी आकड्याला भुलू नका, घटकांची यादीही वाचा.

पहिला हात मुरण्यासाठी पातळ हवा असेल तर तयार सीलर घ्या. त्याची मर्यादा ५५० आहे. पुढचे हात दव सुकल्यावर, पण ऊन चढायच्या आत द्या. तापलेल्या लाकडावर व्हार्निश ब्रशाला ओढतं आणि हात आपसूक थिनरच्या बाटलीकडे जातो. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात.