गच्चीवरची तबकडी आणि शेअरचा भाव

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर ‘रिंग’मध्ये दलाल ओरडून, हातवारे करून सौदे ठरवत, त्या काळी सांगली-नाशिकच्या गुंतवणूकदाराच्या हाती फक्त फोन होता. ऑर्डर सांगायची आणि दलाल संध्याकाळी कळवील तो भाव मान्य करायचा. भाव दिवसभर वरखाली होई. आपला सौदा नेमका कितीला झाला, हे पडताळायची सोयच नव्हती.

ही कोंडी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने फोडली. रोखे घोटाळा उघड झाला त्याच 1992 साली ही संस्था स्थापन झाली. डॉ. आर. एच. पाटील तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. 3 नोव्हेंबर 1994 रोजी तिथे शेअरचे सौदे सुरू झाले, तेच मुळी संगणकाच्या पडद्यावर. फोनच्या तारांवर विसंबण्यासारखी परिस्थिती नव्हती. म्हणून गावोगावच्या दलालांच्या गच्चीवर व्हीसॅटच्या, म्हणजे थेट उपग्रहाशी जोडणाऱ्या, तबकड्या बसल्या.

उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर. ऑर्डर वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. मुंबईतला संगणक एकच नियम पाळतो: आधी भाव, मग वेळ. एकच शेअर 200 रुपयांना मागणारे दोघे असतील, तर ज्याची ऑर्डर आधी पोचली त्याला आधी मिळतो. ती कोल्हापूरहून आली की फोर्टातून, याला महत्त्व नाही. सौद्याचा क्रमांक आणि वेळ कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापून येते. वर्षभरात उलाढालीत एनएसईने मुंबई शेअर बाजाराला मागे टाकले. त्यानेही 1995 मध्ये ‘बोल्ट’ ही संगणकीय यंत्रणा आणली.

मात्र सगळा धंदा नेटवर्कवर गेला की नेटवर्कचे दुखणे हेच धंद्याचे दुखणे होते. 24 फेब्रुवारी 2021 रोजी दूरसंचार जोडण्या बिघडल्या आणि एनएसईचे व्यवहार सुमारे चार तास थांबले. दुसरीकडे ‘को-लोकेशन’मुळे अंतराला पुन्हा किंमत आली. जादा शुल्क भरणाऱ्या दलालाचा सर्व्हर बाजाराच्याच डेटा सेंटरमध्ये असतो, त्यामुळे त्याची ऑर्डर इतरांच्या आधी पोचते.

गच्चीवरच्या तबकडीने छोट्या गावातल्या माणसाला मुंबईकराच्या बरोबरीने रांगेत उभे केले, ही तिची खरी कमाई. ती टिकवायची तर नियामकाने कंपन्यांचे हिशेब तपासावेत तितक्याच काटेकोरपणे दोन गोष्टी तपासायला हव्यात: एक मार्ग तुटल्यावर दुसरा खरोखर चालतो का, आणि रांगेत कुणी पैशाच्या जोरावर पुढे घुसत नाही ना.