पेशीतला उजेड काय सांगतो?

खानदेशातल्या शेतकऱ्याला ‘नॅनो’ हा शब्द शेतीत २०२१ नंतर ओळखीचा झाला तो नॅनो युरियाच्या बाटलीमुळे. शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतून ज्या कार्बन आणि ग्राफीनच्या ‘क्वांटम डॉट’वर शोधनिबंध निघाले, ते नॅनोकण वेगळे. ते उजेड देतात. जिवंत पेशी काय आत घेते, काय बाहेर टाकते, हे अशा कणांमुळे पाहता येतं.

गैरसमज : सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतो.
कण २ ते १० नॅनोमीटरचा; साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवू शकत नाही. दिसतो तो कणाचा उजेड. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला गेलेला माणूस लांबून दिसत नाही, पण त्याच्या हातातल्या बॅटरीवरून तो कुठे वळला ते कळतं. ठिपक्याचा मध्य मोजून कणाची जागा दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत नेमकी सांगता येते. नेहमीची चमकती रंगद्रव्यं लवकर विझतात, क्वांटम डॉट बराच वेळ टिकतो, म्हणून त्याचा माग काढता येतो. पेशींच्या चित्रणात तो १९९८ मध्ये आला. त्याच्या शोधाबद्दल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गैरसमज : इतका बारीक कण पेशीत आपोआप झिरपतो.
सगळ्यात जास्त फसवणारा समज हाच. बहुतेक वेळा पेशीचं पटल आत वळतं, कणाभोवती इवलीशी पिशवी तयार होते आणि कण तिच्यातून आत जातो. याला पेशीची ऊर्जा लागते. पेशी ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्या की हे काम जवळजवळ थांबतं. आत गेल्यावरही कण अनेकदा त्या पिशवीतच अडकून राहतो. म्हणून पेशी चमकली याचा अर्थ कणासोबत पाठवलेलं औषध नेमक्या ठिकाणी पोचलं, असा कुणी काढू नये. पेशीतली अशा पिशव्यांची वाहतूक उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना २०१३ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

गैरसमज : केळीपासून केलेला कण निर्धोकच.
आसामच्या तेजपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये केळीच्या रसापासून चमकते कार्बन कण केले. जळगावकरांना याचं अप्रूप वाटणारच, आणि अनेक क्वांटम डॉटमध्ये असणारं विषारी कॅडमियम त्यात नाही हा मोठा फायदा आहे. पण कण पेशीला बाधतो की नाही, हे त्याचा आकार, पृष्ठभाग आणि मात्रा यांवर ठरतं, नुसत्या कच्च्या मालावर नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत साधारण साडेपाच नॅनोमीटरहून लहान क्वांटम डॉट लघवीवाटे बाहेर पडले. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत साठू शकतात.